लोकसभेचा एक दिवस कसा वाचावा : सातारा-सांगलीच्या वाचकांसाठी

संसदेचे अधिवेशन सुरू असले, की कराड, वाई किंवा सांगलीच्या वाचकापर्यंत दोन प्रकारच्या बातम्या पोहोचतात. सभागृहात गोंधळ होऊन कामकाज तहकूब झाले, ही एक. आणि आपल्या खासदारांनी अमुक प्रश्न सभागृहात मांडला, ही दुसरी. पहिली दूरचित्रवाणीवरून येते, दुसरी बहुधा खासदारांच्या कार्यालयाने पाठविलेल्या छोट्या चित्रफितीतून. त्या दिवशी लोकसभेने नेमके काय केले, आपल्या जिल्ह्याच्या पदरात कोणते उत्तर पडले आणि ते उत्तर सरकारला बांधून घेणारे आहे की नुसते सौजन्याचे, हे या दोन्हींतून कळत नाही. ते लोकसभा सचिवालय रोज प्रसिद्ध करीत असलेल्या कागदांतून कळते. हे कागद संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ते हिंदी आणि इंग्रजीत असतात, आणि त्यांतील बरेचसे पारिभाषिक शब्द हिंदी-मराठीत सारखेच असल्यामुळे मराठी वाचकाचे हिंदी प्रतीवर सहज भागते. अडचण येते ती क्रमाची: कोणता कागद आधी उघडावा, त्यात काय शोधावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे ठाऊक नसेल तर वाचक पहिल्याच यादीत हरवतो.

आधी आपला मतदारसंघ नक्की करावा

हे सांगण्याची गरज भासू नये, पण भासते. सातारा जिल्ह्यात राहणारा प्रत्येक मतदार सातारा लोकसभा मतदारसंघाचा नसतो. त्या मतदारसंघात वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. फलटण आणि माण हे दोन माढा लोकसभा मतदारसंघात मोडतात. सांगली जिल्ह्यातही असेच आहे. मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ आणि जत मिळून सांगली लोकसभा मतदारसंघ होतो, तर इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले मतदारसंघाला जोडलेले आहेत. म्हणजे शिराळ्याच्या शेतकऱ्याने सांगलीच्या खासदारांच्या नावापुढे आपल्या गावचा प्रश्न शोधला, तर तो चुकीच्या दारात उभा आहे. जुन्या संदर्भांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. कराड हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला, त्यामुळे त्यापूर्वीच्या लोकसभांतील कराड-पाटण भागाची कामगिरी कराडच्या नावाखाली पाहावी लागते.

शोध केवळ खासदाराच्या नावावर थांबवू नये. दुसऱ्या राज्यातील सदस्यही हळदीच्या भावाविषयी किंवा बेदाण्यावरील कराविषयी प्रश्न विचारू शकतो, आणि राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य असतात, त्यांना जिल्ह्याचे बंधन नाही. म्हणून एकदा सदस्याच्या नावाने आणि एकदा विषयाच्या किंवा मंत्रालयाच्या नावाने, असा दुहेरी शोध घेण्याची सवय लावून घ्यावी.

दिवसाची कार्यसूची

प्रत्येक बैठकीच्या आदल्या दिवशी सचिवालय त्या दिवसाची कार्यसूची प्रसिद्ध करते. कोणते मंत्री कोणती कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणार, कोणत्या समितीचा अहवाल येणार, कोणते विधेयक मांडले जाणार, कोणत्या विधेयकावर चर्चा चालू राहणार, हे सारे त्यात अनुक्रमांकाने छापलेले असते. लोकसभेची बैठक साधारणपणे सकाळी ११ ते सायंकाळी ६ अशी चालते आणि दुपारी १ ते २ ही जेवणाची सुट्टी असते. मात्र कार्यसूचीत प्रत्येक विषयापुढे वेळ नसते. एसटी स्थानकावरील फलकाप्रमाणे ती गाड्यांचा क्रम सांगते, गाडी किती वाजता सुटेल याची हमी देत नाही. मागच्या दिवशी अर्धवट राहिलेले विधेयक आजच्या यादीत वर येते आणि आज नमूद केलेले उद्यावर जाते. कित्येकदा सरकार ऐन वेळी पुरवणी कार्यसूची काढते. महत्त्वाचे विधेयक त्यातूनच अवतरण्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून मूळ यादी पाहून निर्धास्त होऊ नये.

कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. अध्यक्षांसह १५ सदस्यांची ही समिती असते आणि तिने दिलेला वेळ पुढे पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. हा तपशील सांगलीच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. २०२४ साली सांगलीने अपक्ष उमेदवार निवडून दिला, आणि ज्याच्या मागे पक्षाचे संख्याबळ नाही अशा सदस्याला विधेयकावरील चर्चेत मिळणारी मिनिटे फारच थोडी असतात. अशा सदस्याचे काम पारखताना लांब भाषणे मोजण्यात अर्थ नाही. प्रश्न, शून्य प्रहर आणि नियम ३७७ (शेवटच्या दोन्हींविषयी पुढे येईल) या वाटा त्याच्यासाठी इतरांइतक्याच मोकळ्या असतात, तेव्हा पाहायचे ते तिथे पाहावे.

प्रश्नोत्तराचा तास

दिवसाचे सर्व कामकाज पाहायला वेळ नसेल आणि एकच भाग निवडायचा असेल, तर ११ ते १२ हा तास निवडावा. (राज्यसभेत हा तास दुपारी १२ ला सुरू होतो आणि तिथे शून्य प्रहर आधी येतो.) प्रश्न दोन मुख्य प्रकारांचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि तो विषय तिथेच थांबतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. आलेल्या सूचनांतून क्रम लावण्यासाठी सोडत काढली जाते आणि तारांकित यादीत एका सदस्याचा एका दिवशी एकच प्रश्न येऊ शकतो. छापील याद्यांचे रंगही ठरलेले आहेत: तारांकितांची हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या.

प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. मंत्रालयांचे पाच गट करून सोमवार ते शुक्रवार असे वार वाटून दिलेले असतात आणि ही वाटणी अधिवेशनाच्या सुरुवातीला जाहीर होते. आपल्या भागाच्या दृष्टीने कोणता विषय कोणाच्या अखत्यारीत येतो, हे आधीच टिपून ठेवल्यास पुष्कळ वेळ वाचतो. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, तसेच साखरेच्या विक्रीचे धोरण हे ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालयाकडे असते. राष्ट्रीय हळद मंडळ वाणिज्य मंत्रालयाच्या कक्षेत येते, तर बेदाण्यावरील वस्तू व सेवा कराचा प्रश्न अर्थ मंत्रालयाला विचारावा लागतो. खंबाटकी घाटातील नव्या बोगद्याचे काम रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाकडे आणि पुणे-मिरज लोहमार्गाचे दुहेरीकरण रेल्वेकडे. अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद जलशक्ती मंत्रालयाकडे शोधावा, आणि कोयना व चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील गावांचे पुनर्वसन पर्यावरण मंत्रालयाकडे.

वीस तारांकित प्रश्नांपैकी तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोहोचतात. उरलेल्यांची लेखी उत्तरे सभागृहासमोर ठेवली असे मानले जाते. यातून एक अतिशय उपयोगाची गोष्ट निघते, आणि ती बातम्यांत क्वचितच सांगितली जाते: प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला, तरी त्या दिवसाच्या यादीतील उत्तरे वाया जात नाहीत. ती सर्व संकेतस्थळावर येतात. गोंधळामुळे आमच्या जिल्ह्याच्या प्रश्नाला उत्तरच मिळाले नाही, असे कोणी सांगितले, तर त्या तारखेची उत्तरे उघडून पाहावीत. बुडतात ते पुरवणी प्रश्न, आणि ते नुकसान खरेच मोठे असते, कारण तयार उत्तराच्या पलीकडे मंत्र्यांना जावे लागते ते पुरवणी प्रश्नांतच. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या काळातील पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास मुळातच रद्द केला होता. त्या वेळीही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे दिली गेली.

आता प्रत्यक्ष उत्तर कसे वाचावे ते पाहू. प्रश्न (क), (ख), (ग) अशा उपविभागांत मोडलेला असतो आणि उत्तरही त्याच अक्षरांनी येते. वाचकाने पहिल्यांदा हे पाहावे, की प्रत्येक अक्षराला स्वतंत्र उत्तर आहे का, की ‘(क) ते (ङ)’ असे सगळे एकत्र बांधून एकच निवेदन दिले आहे. एकत्र निवेदनात अडचणीचा उपप्रश्न सहज बुडवता येतो. समजा (घ) मध्ये सांगली जिल्ह्यातील आकडा विचारला आहे आणि उत्तरात राज्याचा एकूण आकडा दिला आहे. अशा वेळी प्रश्नाला उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही, जरी कागद भरलेला दिसत असला तरी. जिल्हानिहाय तक्ता असेल तर तो बहुधा शेवटी परिशिष्टात असतो, म्हणून पहिल्या पानावर थांबू नये.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. ऊसबिलाच्या थकबाकीचे उदाहरण घेऊ. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते. परंतु या तरतुदीची अंमलबजावणी करण्याचे अधिकार राज्य सरकारांकडे सोपविलेले आहेत. त्यामुळे अमुक कारखान्याकडून बिले कधी मिळणार, असा प्रश्न दिल्लीत विचारला, की अंमलबजावणी राज्याकडे आहे, हे ठरीव उत्तर येते आणि विषय मिटतो. हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण येथे दोष प्रश्न लिहिणाऱ्याचा असतो. एफआरपी ठरविताना कोणता उतारा पायाभूत धरला, साखरेच्या निर्यातीविषयी काय निर्णय झाला, इथेनॉलच्या खरेदीचा दर कोणत्या आधारावर ठरला, हे प्रश्न केंद्राच्या कक्षेतले आहेत आणि त्यांना बगल देणे मंत्र्यांना अवघड जाते. प्रश्नाचा दर्जा पारखण्याची ही साधी कसोटी आहे, आणि माझ्या मते खासदाराच्या नावावर किती प्रश्न जमा आहेत यापेक्षा ती फार महत्त्वाची आहे. शिवाय अतारांकित प्रश्नांत एकाच विषयावरील अनेक सदस्यांचे प्रश्न एकत्र करून एकच उत्तर देण्याची पद्धत आहे, त्यामुळे उत्तराच्या शिरोभागी दहा-बारा नावे दिसली, तर त्यातील प्रत्येकाच्या खात्यात तोच प्रश्न जमा झालेला असतो.

तिसरी गोष्ट, आणि बहुतेक वाचक जिच्यावरून पुढे सरकतात ती, आश्वासनाची. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहासमोर ठेवली जाईल’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालेन’ अशी वाक्ये ऐकायला गुळमुळीत वाटतात, पण संसदीय व्यवहारात त्यांची नोंद आश्वासन म्हणून होते. असे आश्वासन साधारणपणे तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी १९५३ पासून सरकारी आश्वासनविषयक समिती काम करते. मुदतीत पूर्तता झाली नाही, तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. म्हणून उत्तरात असे वाक्य सापडले, की प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख वहीत टिपावी आणि पुढच्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवलेल्या पूर्तता-निवेदनांत तो क्रमांक शोधावा. स्थानिक पत्रकारांनी एवढे एक काम नेमाने केले, तरी जिल्ह्याच्या पानाला वर्षभर पुरेल इतका मजकूर मिळेल.

मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर सदस्याला अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. ती लोकसभेत सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखलेली असते, परंतु तिचा वापर होतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक व्हायला हवा.

बारा वाजल्यानंतर

प्रश्नोत्तरे संपली, की मंत्री वार्षिक अहवाल, अधिसूचना आणि लेखापरीक्षणाचे अहवाल सभागृहासमोर ठेवतात. हा भाग काही मिनिटांत उरकतो आणि पडद्यावर पाहण्यासारखे त्यात काही नसते. यादी मात्र चाळून घ्यावी, कारण नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल नेमका अशा वेळी गाजावाजा न होता येतो. स्थगन प्रस्तावाच्या, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या, ज्या सूचना आलेल्या असतात, त्यांच्यावरचा अध्यक्षांचा निर्णयही याच सुमारास कळतो. आपल्या विधानसभेतील लक्षवेधी सूचनांचा धडाका ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना लोकसभेत त्या फारच कमी दिसतील.

त्यानंतर शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात या नावाचा तास नाही. तो परंपरेने रूढ झाला. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाची सूचना सदस्य आगाऊ देतात, सोडतीने क्रम लागतो आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. खासदारांच्या चित्रफिती बहुधा याच वेळच्या असतात. येथे वाचकाने एक भेद पक्का ध्यानात ठेवावा: शून्य प्रहरात मांडलेल्या विषयावर मंत्री तिथल्या तिथे उत्तर देण्यास बांधील नसतात. म्हणजे चित्रफितीत भाषण आहे, टाळ्या आहेत, पण उत्तर नाही. एखाद्या सदस्याने मांडलेल्या विषयाशी इतर सदस्य स्वतःला जोडून घेऊ शकतात आणि त्यांची नावे नोंदली जातात. पूर किंवा महामार्गाच्या प्रश्नावर शेजारच्या मतदारसंघांचे सदस्य जोडले गेले होते का, हे त्या नावांवरून पाहता येते.

नियम ३७७ खाली येणारे विषय याहून शिस्तीचे असतात. सदस्य २५० शब्दांपर्यंतचा मजकूर आधी देतो आणि मान्य झालेला मजकूरच वाचतो किंवा सभागृहासमोर ठेवतो. दिवसाला असे सुमारे २० विषय घेतले जातात. त्यांचा गवगवा होत नाही, पण संबंधित मंत्रालयाकडून सदस्याला लेखी उत्तर जाणे अपेक्षित असते. म्हणून एखाद्या गावाच्या उड्डाणपुलाचा किंवा रेल्वेथांब्याचा विषय ३७७ खाली मांडला गेला असेल, तर महिन्याभराने खासदारांच्या कार्यालयाकडे त्या उत्तराची प्रत मागावी. शून्य प्रहरातील भाषणापेक्षा हा कागद हातात असणे अधिक मोलाचे ठरते.

मराठीतून बोलण्याविषयी थोडे. घटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, पण ज्याला या भाषांतून नीट मांडणी करता येत नाही अशा सदस्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची अनुमती देऊ शकतात. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि त्यांनी तिथे मराठीत भाषण केल्याची आठवण आपल्याकडे आजही सांगितली जाते. आता मराठी भाषणाचे त्याच वेळी भाषांतर ऐकविण्याची सोय सभागृहात आहे. छापील वृत्तान्तात मात्र अशा भाषणाचे बहुधा भाषांतर येते आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची खूण तारांकनाने व तळटिपेने केलेली असते. मूळ शब्द हवे असतील तर ध्वनिचित्रमुद्रणच ऐकावे.

विधेयक चालू असताना

दुपारनंतरचा वेळ बहुधा विधेयकांचा असतो. प्रत्येक विधेयकाची तीन वाचने होतात. पहिले म्हणजे मांडणी. तिच्यावर साधारणपणे सविस्तर चर्चा होत नाही, मात्र विरोध नोंदवता येतो. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वांवर चर्चा होते, ते समितीकडे पाठवायचे का हे ठरते आणि मग एकेक खंड, म्हणजे कलम, मतास टाकला जातो. तिसरे वाचन म्हणजे विधेयक संमत करावे हा प्रस्ताव. पडद्यावर पाहताना खरे लक्ष खंडवार विचाराच्या टप्प्याकडे द्यावे. तो अतिशय वेगाने जातो. खंड २ ते २५ विधेयकाचा भाग व्हावेत, अशी वाक्ये एका श्वासात येतात, आणि विरोधकांच्या दुरुस्त्याही तेथेच फेटाळल्या जातात. दुरुस्त्यांची यादी आधीच उघडून शेजारी ठेवली, तरच काय नाकारले गेले हे समजते.

मतदान बहुतेक वेळा आवाजी असते: बाजूने असणारे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात आणि अध्यक्ष निर्णय देतात. आवाजी मतदानात कोणाचे मत कुठे पडले याची नोंद राहत नाही. त्यामुळे अमुक विधेयकावर आमच्या खासदाराने कोणते मत दिले, या प्रश्नाला पुष्कळदा उत्तरच नसते, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तशा याद्यांवर विश्वास ठेवू नये. सदस्यांनी मतविभागणी मागितली, तर साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दरवाजे बंद होतात आणि बटण दाबून मते नोंदली जातात. मग नावनिशीवार यादी कार्यवृत्तात छापली जाते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्यामुळे तिथे मतविभागणी होतेच. नावे शोधायची तर अशा दिवसांची शोधावीत. १९८५ पासून घटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीमुळे, पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, तेव्हा पक्षाच्या सदस्याचे मत हे बहुतांशी प्रतोदाचे, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्या पदाधिकाऱ्याचे, मत असते, हेही यादी वाचताना विसरू नये.

शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास अशासकीय सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांना व ठरावांना दिले जातात. अशी विधेयके कायद्यात क्वचितच उतरतात. दोन्ही सभागृहांनी संमत केलेले शेवटचे अशासकीय विधेयक १९७० सालचे आहे. तरीही एखाद्या सदस्याच्या मनात कोणता विषय घर करून आहे, हे त्याच्या अशासकीय विधेयकांच्या यादीवरून चांगले कळते.

अर्थसंकल्पी अधिवेशन

अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्यानंतर मधल्या सुट्टीत विभागवार स्थायी समित्या, ज्यांची संख्या २४ आहे आणि ज्यांत प्रत्येकी ३१ सदस्य असतात, मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. या समित्यांच्या बैठका प्रक्षेपित होत नाहीत, अहवाल मात्र प्रसिद्ध होतात, आणि एखाद्या योजनेचा पैसा खर्च का झाला नाही हे सभागृहातील भाषणांपेक्षा त्यांत अधिक स्पष्टपणे लिहिलेले असते. पुढे सभागृहात थोड्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. यालाच गिलोटिन म्हणतात. कपात सूचनांच्या याद्या याच दिवसांत निघतात. शंभर रुपयांच्या लाक्षणिक कपातीची सूचना म्हणजे एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधण्याची रीत असते, त्यामुळे त्या याद्यांत आपल्या तालुक्याचे नाव सापडण्याची शक्यता बरी असते.

तहकुबी आणि तारखा

तहकुबीचेही प्रकार आहेत. दुपारी २ पर्यंत तहकूब, दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब, बेमुदत तहकूब आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने होणारी सत्रसमाप्ती (अधिवेशनाची औपचारिक अखेर) या चार वेगळ्या गोष्टी आहेत. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ सदस्य उपस्थित असावे लागतात. पण कोणी मुद्दा उपस्थित केल्याखेरीज सहसा मोजणी होत नाही, म्हणून रिकाम्या बाकांचे छायाचित्र पाहून बैठक बेकायदा ठरत नाही.

दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये असे घटना सांगते, तथापि मधले महिने मोकळे जातातच आणि त्याची झळ आपल्या भागाला बसलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-वारणेच्या पुराने सांगलीला वेढा घातला, त्याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, लोकसभा बेमुदत तहकूब झाली. हिवाळी अधिवेशन १८ नोव्हेंबरला सुरू झाले. त्या पुराविषयीची प्रश्नोत्तरे शोधणाऱ्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या याद्या उघडाव्यात.

नोंदी आणि हजेरी

कामकाज थेट पाहायचे असेल तर संसद टीव्ही आहे, परंतु पुरावा म्हणून शब्दशः वृत्तान्तच धरावा. असंशोधित वृत्तान्त लवकर येतो, दुरुस्त प्रत नंतर. अध्यक्षांनी वगळायला सांगितलेले शब्द त्यात नसतात, आणि ‘व्यवधान’ असे कंसात दिसले, की तेवढा वेळ गोंधळ चालला होता असे समजावे. वगळलेला मजकूर चित्रफितीत फिरत असला, तरी अधिकृत नोंदीत तो नाही. थोडक्यात माहिती हवी असेल तर सचिवालयाच्या बुलेटिनचा पहिला भाग पुरतो. दुसऱ्या भागात सदस्यांसाठीच्या सूचना असतात, मंत्रालयांचे वार आणि सूचनांच्या मुदती त्यातच सापडतात.

हजेरीच्या टक्केवारीवर वृत्तपत्रांत फार भर दिला जातो. हजेरीची नोंद त्या दिवशी सदस्य आला एवढेच सांगते. तो किती वेळ बसला हे नाही. शिवाय मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना ही नोंद करावी लागत नाही. साताऱ्याचे खासदार असताना यशवंतराव चव्हाण दीर्घकाळ केंद्रीय मंत्री आणि १९७७ मध्ये विरोधी पक्षनेते होते. हजेरीच्या आजच्या तक्त्यांत त्यांचे नाव जवळजवळ दिसलेच नसते.

आपला विषय यादीत कसा आणावा

नागरिकाला थेट प्रश्न विचारता येत नाही, तो सदस्यामार्फतच जातो. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा खासदारांच्या कार्यालयात पोहोचला पाहिजे. अधिवेशन निम्मे सरल्यावर दिलेले निवेदन पुढच्या अधिवेशनाच्या खात्यात जाते. मसुदा १५० शब्दांच्या आत असावा. त्यात मत, तर्क किंवा आरोप नसावा, न्यायप्रविष्ट बाब नसावी आणि विषय केंद्राच्या कक्षेतला असावा. ग्रामपंचायतीचा ठराव जसाच्या तसा जोडण्यापेक्षा तीन-चार नेमके उपप्रश्न लिहून द्यावेत: किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, काम कोणत्या तारखेपर्यंत पुरे करण्याचे ठरले होते, आणि विलंबाची कारणे कोणती. आकडा जिल्हानिहाय किंवा प्रकल्पनिहाय मागावा, नाहीतर राज्याची बेरीज हातात पडते.

दुसरी वाट अर्जाची, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिक लोकसभेला उद्देशून अर्ज करू शकतात. न्यायालयात चालू असलेला, राज्य विधिमंडळात मांडण्याजोगा किंवा ज्यावर कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध आहे असा विषय त्यात चालत नाही. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत असावा. मराठीत लिहिल्यास सोबत यांपैकी एका भाषेतील भाषांतर जोडून त्यावरही अर्जदाराने सही करावी. भाषा सभ्य असावी, शेवटी मागणी स्पष्ट लिहावी आणि पूर्ण नाव-पत्ता द्यावा. सभागृहात तो सदस्याने सादर करायचा असल्यास त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. त्यानंतर अर्ज विनंतीअर्ज समितीकडे जातो. ही समिती मंत्रालयाकडून खुलासा मागवते, गरज भासल्यास साक्षी नोंदवते आणि आपला अहवाल सभागृहाला सादर करते.